देव पावला, मग पुढे? गोवा १६८३ आणि वसई १७३९

आजचा विषय इतिहासाच्या व्याख्यानमालेत थोडा वेगळा वाटेल. लढाया, तह, सनावळ्या यांच्याबद्दल आपण नेहमी बोलतो. आज बोलायचं आहे ते लढाई संपल्यावर माणसं देवाला काय म्हणाली, आणि त्या म्हणण्याचं पुढे काय झालं, याबद्दल.

सुरुवात आपल्याच भाषेपासून करू. नवस या शब्दाला मराठीत तीन क्रियापदं लागतात. नवस बोलतात, नवस पावतो आणि नवस फेडतात. यातलं तिसरं क्रियापद आपण आणखी कुठे वापरतो? कर्जाच्या बाबतीत. कर्ज फेडतात, तसाच नवस फेडतात. म्हणजे मागणं पुरं झाल्यावर देवाचे आभार मानणं ही आपल्याकडे नुसती मनातली भावना नाही. ते देणं आहे. आणि देण्याचा एक कायदा असतो, तो सगळ्यांना ठाऊक आहे: घेणारा गेला तरी देणं राहतं, ते वारसांकडे येतं.

हे एवढं सूत्र हातात धरून आपण दोन प्रसंग पाहणार आहोत. एक पोर्तुगीजांचा, एक मराठ्यांचा. दोन्हींत बरंचसं तेच दोन पक्ष समोरासमोर आहेत. एकदा एकाची प्रार्थना ऐकली गेली, एकदा दुसऱ्याची. निदान दोघांनी तसं मानलं.

पहिला प्रसंग गोव्याचा, १६८३ सालचा.

त्या वर्षी व्हाइसरॉय होता फ्रान्सिस्को द ताव्होरा, कोंद द आल्व्होर. मराठी कागदांत व्हाइसरॉयला विजरई म्हणतात. हा विजरई पावसाळा संपता संपता फोंड्याच्या किल्ल्यावर चालून गेला. फोंडा तेव्हा संभाजी महाराजांकडे होता. किल्ला काही पडला नाही, उलट महाराज स्वतः मदतीला आले आणि विजरईला नोव्हेंबरच्या पावसाचिखलातून माघार घ्यावी लागली. पुढचा घाव गोव्यावरच बसला. २४ नोव्हेंबरच्या रात्री मराठ्यांनी जुवें बेट, म्हणजे पोर्तुगीजांचं सांतु इस्तेव्ह, घेतलं. हे बेट राजधानीच्या अगदी लगत आहे. आज जुन्या गोव्याला गेलात तर नदीपलीकडे नजर टाका, म्हणजे त्या रात्री शहरात काय वाटलं असेल ते कळेल. बेट परत घ्यायला विजरई गेला, त्यातही मार खाऊन आला.

शहर वाचवायला पुरेशी फौज नव्हती. अशा वेळी विजरई बॉम जेझूच्या चर्चमध्ये गेला. तिथे संत फ्रान्सिस झेवियरचं शव आहे. त्याने शवपेटी उघडवली आणि आपला अधिकारदंड संताच्या हाताशी ठेवला. अर्थ सरळ होता: आता हे राज्य तुम्ही सांभाळा, आमच्या हातात राहिलेलं नाही. संताचा सण ३ डिसेंबरला असतो, तो जेमतेम आठवड्यावर आला होता. त्या दिवसांत गोव्यात ही कृती कशी पाहिली गेली असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

आणि मराठे परत गेले.

का गेले? याचं उत्तर इतिहासाच्या पुस्तकात सरळ आहे. औरंगजेबाचा मुलगा शाहआलम मोठी फौज घेऊन घाट उतरून कोकणात येत होता. दोन आघाड्यांच्या मध्ये सापडण्यापेक्षा संभाजी महाराजांनी गोव्याचा वेढा सोडला. पण गोव्यातल्या माणसांना हे उत्तर अपुरं वाटलं. मोगल फौज नेमकी त्याच वेळी का आली? त्यांच्या लेखी याचं उत्तर शवपेटीपाशी होतं.

इथे थोडं थांबू, कारण अशा ठिकाणी इतिहासाचे अभ्यासक दोन चुका करतात. एक चूक म्हणजे हसून पुढे जाणं, हे सगळं अंधश्रद्धा म्हणून. दुसरी म्हणजे श्रद्धेचं कारण खऱ्या कारणाच्या जागी बसवणं. आपण दोन्ही टाळू. वेढा शाहआलमच्या फौजेमुळे उठला, हे एक तथ्य. आणि लोकांनी तो संतामुळे उठला असं मानून पुढची वागणूक ठरवली, हेही तितकंच तथ्य. दुसऱ्या तथ्याचेही परिणाम झाले, आणि ते पहिल्यापेक्षा जास्त काळ टिकले.

तो परिणाम असा. पुढे गोव्यात नवा व्हाइसरॉय किंवा गव्हर्नर आला की तो अधिकाराची सूत्रं बॉम जेझूत, संतासमोर घेई. जुना अधिकारदंड संतापाशी असे, तो उचलून नवा हाती द्यायचा. एका भेदरलेल्या रात्रीची प्रार्थना राज्याभिषेकाचा विधी झाली. कोंद द आल्व्होर गेला, त्याच्यानंतरचे कित्येक गेले, देणं मात्र चालू राहिलं. गोव्यातली माणसं झेवियरला ‘गोंयचो सायब’ म्हणतात. त्या नावाला अनेक अर्थ आहेत, पण राज्य संताच्या हातात दिल्याची ही आठवणही त्यात आहेच.

कल्पना म्हणून ही फार सुंदर आहे. सत्ता आपली नाही, उसनी आहे. ती घेताना हात पुढे करून मागून घ्यायची. प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला पहिल्याच दिवशी हे आठवावं लागतं.

पण आता याच विजरईची पुढची गोष्ट. त्याने दोन-तीन गोष्टी केल्या. राजधानी मुरगावला हलवावी असा त्याने आग्रह धरला. म्हणजे संतावर भरवसा होता, तरी पुढच्या वेळी तटबंदी बरी असावी असंही वाटत होतं. यात आपण विसंगती शोधू नये. देवाचे आभार मानणारा शेतकरीही कुंपण घालतोच. दुसरी गोष्ट मात्र जड आहे. २७ जून १६८४ रोजी, वेढा उठल्यावर सहा महिन्यांच्या आत, त्याच विजरईने हुकूम काढला की गोव्यातल्या लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. ही भाषा कोकणी. ज्या लोकांच्या बरोबरीने तो वाचला होता, संतासमोर जी माणसं त्याच्यासारखीच गुडघ्यांवर बसली होती, त्यांच्या तोंडातली भाषा त्याला काढून घ्यायची होती.

हुकूम फसला. कोकणी आजही आहे, हे सांगायला नको. पण आपल्या विषयासाठी मुद्दा असा: वरच्याचे आभार मानणाऱ्याला बाजूच्याचे आभार मानायचं सुचतंच असं नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण दुसऱ्या प्रसंगातही तो आपल्याला वेगळ्या रूपात भेटणार आहे.

आता दुसरा प्रसंग. छपन्न वर्षं पुढे आणि गोव्याच्या उत्तरेला. पोर्तुगीजांचा ‘उत्तरेचा प्रांत’, त्याची राजधानी वसई.

१७३७ च्या वसंतात मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली, पण वसईचा कोट दोन वर्षं हाती लागला नाही. १७३९ च्या सुरुवातीला चिमाजी अप्पांनी मोहीम अंगावर घेतली. जानेवारीत केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर ही ठाणी घेतली. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर पडले. त्याच सुमाराला व्यंकटराव घोरपडे गोव्यात उतरून मडगावपर्यंत पोचले होते, म्हणजे गोव्याहून वसईला मदत येण्याची वाट अवघड झाली होती. फेब्रुवारीत वसईला वेढा पडला.

वेढा सोपा नव्हता. वसईच्या कोटाला तीन बाजूंनी पाणी आणि दलदल, जमिनीची बाजू एकच, आणि तिथे बुरूज. मराठे खंदक खणत पुढे जात होते, बुरुजांखाली सुरुंग लावत होते, आणि वरून गोळीबार होत होता. शिवाय वेळ नव्हता. मार्चमध्ये नादिरशहा दिल्लीत शिरला. बाजीरावांना उत्तरेची काळजी, फौज तिकडे हवी होती. वसई उरकल्याशिवाय ती सुटत नव्हती. इकडे पावसाळा दोन महिन्यांवर येऊन ठेपला होता. कोकणात वेढा घालून बसलेल्याला जूनची तारीख किती जवळ वाटते, हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला नको.

या मोहिमेत चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला नवस केला, असं परंपरा सांगते. फौजेची वाट वज्रेश्वरीच्या परिसरातून जात होती. वसई हाती आली तर देवीचं मंदिर बांधीन, असा तो नवस. देवी स्वप्नात आली आणि तिने कोट कसा घ्यायचा ते सांगितलं, अशीही कथा त्या भागात सांगतात. ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकर हे बाजीराव आणि चिमाजी दोघांचे गुरू. त्यांच्याशी दोघांचा जो पत्रव्यवहार छापला गेला आहे, त्यातूनही दिसतं की ही माणसं यशापयश देवाच्या आणि गुरूच्या पदरात टाकूनच बोलत. त्या काळच्या मराठी पत्रांत यशाची बातमी लिहिताना पुण्यप्रताप वडिलधाऱ्याचा, धन्याचा किंवा देवाचा असतो; लिहिणाऱ्याचा नसतो. आपण म्हणू, ही तर पत्राची ठराविक भाषा. असेल. पण ‘मी केलं’ म्हणायची ठराविक भाषा घडवणाऱ्या समाजापेक्षा ‘तुमच्यामुळे झालं’ म्हणायची भाषा घडवणारा समाज वेगळा असतो, एवढं तरी मान्य करू.

मे महिन्यात सुरुंग उडाले, सेबॅस्टियन बुरुजाला खिंडार पडलं आणि १६ मे १७३९ ला कोटावर पांढरं निशाण चढलं. पोर्तुगीजांकडून तहावर सही केली ती काएतानो द सोझा परेरा याने. आठवड्याने, २३ मेला, पोर्तुगीज कोट सोडून गेले.

तहाच्या अटी पाहण्यासारख्या आहेत. कोटातल्या शिबंदीला शस्त्रांसह, मानाने बाहेर जाऊ दिलं. ज्यांना जायचं होतं त्यांना आपली मालमत्ता नेऊ दिली. आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मोकळीक ठेवली. यामागे व्यवहारही होता. फौज थकली होती, नादिरशहा दिल्लीत होता, लढाई लवकर संपवायची होती. पण विजयाच्या क्षणी हात आखडता घेणं सोपं नसतं, विशेषतः इतकी माणसं गेलेली असताना. ग्रँट डफच्या इतिहासात शेवटच्या वेढ्यातली मराठ्यांची मृत आणि जखमी माणसं पाच हजारांहून जास्त दिली आहेत, पोर्तुगीजांची आठशे.

पाच हजार. हा आकडा मनात ठेवून आपण वज्रेश्वरीला जाऊ.

भिवंडी तालुक्यात, तानसा नदीच्या काठच्या गरम पाण्याच्या कुंडांजवळ हे मंदिर आहे. तुम्ही गेला असाल तर आठवत असेल, पहिल्यांदा पाहताना हे देऊळ आहे की किल्ला, असा प्रश्न पडतो. टेकडीवर दगडी तटबंदी, समोर उंच पायऱ्या, वर नगारखाना. वसईचा कोट घेतल्याबद्दल देवीला जे घर मिळालं, ते कोटासारखंच दिसतं.

ते बांधलं कुणी? वसईचे नवे सुभेदार शंकर केशव फडके यांनी, अप्पांच्या सांगण्यावरून. इथे आपल्या सुरुवातीच्या सूत्राकडे येऊ. नवस बोलणाऱ्याच्या हातात फार दिवस उरले नव्हते. बाजीराव २८ एप्रिल १७४० ला गेले. अप्पांची तब्येत आधीपासूनच खालावलेली, तेही त्याच वर्षाच्या अखेरीस गेले. विजयानंतर जेमतेम दीड वर्ष. नगारखाना पुढे बडोद्याच्या गायकवाडांनी बांधला, पायऱ्या आणि दीपमाळ नाशिककडच्या एका सावकाराने, असं सांगतात. म्हणजे बोलला एकाने, फेडायला लागले अनेक. आणि हे सगळं पेशव्यांच्या घरात कर्जाचा डोंगर असताना. बाजीरावांची स्वामींना गेलेली पत्रं सावकारांच्या तगाद्याने भरलेली आहेत. माणसांचं कर्ज थकलं, देवाचं फिटलं.

याचा अर्थ दोन तऱ्हेने लावता येतो. कुणी म्हणेल, सावकाराआधी देव, ही केवढी निष्ठा. कुणी म्हणेल, जिवंत माणसाचे पैसे ठेवून दगडावर खर्च. आम्हाला वाटतं, त्या काळच्या माणसाला हा प्रश्न असा पडलाच नसता. सावकाराला मुदत मागता येते, व्याज वाढवून देता येतं. देवाकडे मुदत मागायची सोय नाही.

आता घंटांकडे वळू. वसई आणि साष्टीतल्या चर्चच्या मोठ्या घंटा या विजयानंतर महाराष्ट्रभर गेल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या मंदिरात एक आहे, भीमाशंकरला एक आहे. मेणवलीला, नाना फडणविसांच्या गावी, कृष्णेच्या घाटावर एक आहे. तिच्यावर १७०७ साल आहे आणि मेरी आणि बाळ येशूची उठावातली आकृती आहे.

या घंटा म्हणजे विजयाची लूट, हे स्पष्टच आहे. पण त्या तोफखान्यात वितळवल्या गेल्या नाहीत. पंचधातूचा एवढा साठा, आणि तोफा ओतणाऱ्या सत्तेला धातूची गरज नेहमीच असते. तरी त्या देवाला दिल्या गेल्या. मेणवलीच्या घंटेवरची मेरी कुणी घासून काढली नाही. घंटेचं काम देवाला हाक मारण्याचं. ते तिने जागा बदलून चालूच ठेवलं.

हे ऐकायला बरं वाटतं, म्हणून आपण इथेच थांबलो तर चूक होईल. ही घंटा जिथून उतरली, तिथेही माणसं होती. ती कुणी पोर्तुगालहून आलेली नव्हती. वसई-साष्टीची भंडारी, कोळी, कुणबी, सामवेदी घरं होती, कित्येक पिढ्यांमागे ख्रिस्ती झालेली. त्या १७३९ च्या मे महिन्यात त्यांनीही प्रार्थना केली असेल. त्यांची प्रार्थना ऐकली गेली का? सरदार जहाजात बसून गोव्याला गेले, ही माणसं शेतावर आणि होड्यांवर मागे राहिली. एकाचा नवस पावतो तेव्हा दुसऱ्याचा पावत नाही, हे युद्धातल्या प्रत्येक प्रार्थनेच्या पोटात असतं. १६८३ मध्ये मराठ्यांच्या छावणीतही कुणी भवानीला काही बोललंच असेल.

या मागे राहिलेल्यांचं पुढे काय झालं, ते वांद्र्याला दिसतं. याच युद्धाच्या काळात वांद्र्याच्या टेकडीवरचं माउंट मेरीचं जुनं प्रार्थनास्थळ उद्ध्वस्त झालं. मूर्ती समुद्रात गेली आणि कोळ्यांच्या जाळ्यात परत आली, अशी कथा कोळीवाड्यांत आहे. १७६० च्या सुमाराला प्रार्थनास्थळ पुन्हा उभं राहिलं. आजची वास्तू १९०४ ची. कोळी तिला ‘मोत माऊली’ म्हणतात. सप्टेंबरच्या जत्रेत तिथे मेणाचे हात, पाय, डोळे, घरं विकायला असतात. जे दुखत होतं आणि बरं झालं, किंवा जे हवं होतं आणि मिळालं, त्याची मेणाची आकृती माऊलीला द्यायची. देणाऱ्यांत ख्रिस्ती असतात आणि हिंदूही असतात, आणि दोघेही या देण्याला नवसच म्हणतात. राज्यं हरली-जिंकली, शब्द आणि रीत तीच राहिली.

मोठ्यांच्या नवसात आणि या मेणाच्या हातात एक फरक आहे, आणि आम्हाला वाटतं आजच्या व्याख्यानातला मुख्य मुद्दा तोच आहे. ज्या बाईचा मोडलेला हात जुळला, तिचे आभार स्वच्छ असतात. तिच्या हातासाठी दुसऱ्या कुणाचा हात मोडलेला नसतो. राजाच्या आणि सेनापतीच्या आभारांत मात्र इतरांचा हिशेब मिसळलेला असतो. विजरईच्या आभारांत शाहआलमच्या फौजेला जागा नव्हती, आणि शेजारी गुडघे टेकलेल्या कोकणी माणसालाही नव्हती. अप्पांच्या नवसाचं मंदिर झालं, पण वेढ्यात मेलेल्या आणि जखमी झालेल्या पाच हजारांपैकी किती जणांची नावं आपल्याला माहीत आहेत? बाजी भिवराव माहीत आहेत, कारण ते सरदार होते. देवाला सगळं श्रेय देण्यात नम्रता असते हे खरं. पण त्याच वाक्यात माणसांचं श्रेय गळून पडण्याची सोयही असते.

म्हणून पुढच्या वेळी वज्रेश्वरीला जाल तेव्हा त्या पायऱ्या चढताना हे देऊळ कुणी बांधलं याबरोबरच ते कुणामुळे बांधता आलं, हेही आठवा. बॉम जेझूला जाल तेव्हा त्या रात्री संतासमोर आलेल्या, नाव नसलेल्या गोंयकारांनाही आठवा. आणि नाशिकला किंवा मेणवलीला ती घंटा पाहाल तेव्हा ती आधी कुणाला बोलवत होती, हा प्रश्न एकदा मनात येऊ द्या. अडीच-तीनशे वर्षांपूर्वीचे हे नवस बोलणाऱ्यांनी आणि बांधणाऱ्यांनी आपल्या परीने फेडले. नावं राहून गेलेल्या माणसांचं देणं मात्र आपल्याकडे, वारसांकडे आलं आहे. इतिहास वाचणं हा ते थोडंथोडं फेडण्याचा एक मार्ग आहे, असं आम्ही मानतो.

आज इथेच थांबू.